किनारा नंतर, आधी भांडार विभाग: विद्यापीठांनी प्लास्टिक कसं घटवावं

सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. त्या सकाळी दादर, जुहू, वर्सोवा, भाट्ये, मिऱ्या अशा किनाऱ्यांवर महाविद्यालयांचे जथे उतरतात. हातमोजे, टोप्या, घोषणा, शेवटी गटाचा फोटो. फोटोत मागे फ्लेक्सचा फलक, आणि स्वयंसेवकांच्या हातात पाण्याच्या छोट्या बाटल्या. सोमवारी महाविद्यालय भरतं तेव्हा कॅन्टीनमध्ये पूर्वीच्याच प्लास्टिकच्या कपातून चहा मिळतो.

किनारा साफ करू नये असं माझं म्हणणं नाही. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेलं काम आठवड्यामागून आठवडे चाललं, म्हणून त्याचा उपयोग झाला. २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. पण तिथेही दर पावसाळ्यात नाले आणि समुद्र मिळून नवा कचरा आणून टाकतातच. विद्यापीठाने कामाची सुरुवात या शेवटच्या टोकाला का करावी? त्याच्या हातात वरची तोटी आहे. काय विकत घ्यायचं, कॅन्टीन कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचं, कशाला श्रेयांक द्यायचे, हे सगळं तेच ठरवतं.

त्यातही मुंबई विद्यापीठाची गोष्ट वेगळी आहे. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे त्याचं कार्यक्षेत्र, आणि महाराष्ट्राचे किनारी जिल्हेही नेमके हेच सात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा सगळा किनारा एका विद्यापीठाच्या हद्दीत येतो. कलिना संकुलाजवळून मिठी वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. घाटावरच्या विद्यापीठांनीही ‘आमच्याकडे समुद्र कुठे?’ म्हणून सुटू नये. पुण्याच्या मुळा-मुठेत पडलेली पिशवी भीमेतून उजनीकडे आणि पुढे कृष्णेच्या वाटेला लागते. कोल्हापूरची पंचगंगा कृष्णेलाच मिळते. नागपूरच्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता करत गोदावरीत जातं. वाटेत धरणं पुष्कळ अडवतात. पण अडलेलं प्लास्टिक नाहीसं होत नाही, उन्हात ठिसूळ होऊन त्याचे तुकडे होतात.

खाली पायऱ्या दिल्या आहेत, त्या याच क्रमाने घ्याव्यात. तिसरी पायरी आधी आणि पहिली नंतर केली की फक्त परिपत्रक उरतं.

पायरी १: आठवडाभर कचरा मोजा

परीक्षा, सुट्ट्या आणि गॅदरिंग टाळून सत्रातला एक साधा आठवडा निवडा. साहित्य फार लागत नाही: मोठी ताडपत्री, वजनकाटा, जाड हातमोजे, चिमटे, तक्ता. सगळ्या संकुलाचा कचरा एका ढिगात ओतू नका. कॅन्टीन, मेस, वसतिगृह, कार्यालयं, प्रयोगशाळा, मैदान यांचा वेगवेगळा मोजा. नाहीतर कोणाशी बोलायचं तेच कळणार नाही. प्रयोगशाळेतला आणि सॅनिटरी कचरा विद्यार्थ्यांनी उघडू नये, त्याच्या फक्त बंद पिशव्या मोजाव्यात.

वर्गवारी साधी ठेवा. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग, वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, कप-बशा-चमचे, थर्माकोल, कुरिअर आणि पार्सलची वेष्टनं, पेन-रिफिल-फायलींची कव्हरं, इतर. प्रत्येक वर्गाचं वजन घ्या आणि नगही मोजा. दोन्ही लागतात. वेफर्सचं पाकीट वजनाला नगण्य असतं, त्यामुळे नुसत्या किलोच्या आकड्यात ते दिसतच नाही. नाल्याच्या जाळीवर आणि तिवरांच्या मुळांत मात्र तेच अडकलेलं असतं. पाकिटावरच्या कंपनीचं नावही टिपून ठेवा. वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आता आहेत, आणि त्या चर्चेत असे तक्ते कामाला येतात.

हे सुरू करण्यापूर्वी एक दुपार सफाई कर्मचाऱ्यांबरोबर बसा. कोणत्या मजल्यावर काय येतं, कोणत्या विभागाच्या बैठकीनंतर बाटल्यांची पोती निघतात, कोणता कचरा मागच्या भिंतीपाशी जाळला जातो, हे त्यांना तोंडपाठ असतं. बहुतेक समित्यांत त्यांना बोलावतच नाहीत.

मोजणीचा दुसरा अर्धा भाग भांडार विभागातल्या नोंदवह्यांत आहे. मागच्या वर्षी पाण्याच्या बाटल्यांचे किती खोके घेतले, किती फ्लेक्स छापले, दीक्षान्त समारंभाला किती पुष्पगुच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कशात बांधून आले? ताडपत्रीवर आठवड्याचं चित्र दिसतं, बिलांत वर्षाचं. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी हा झकास प्रकल्प आहे, आणि त्यांना या कामात कोणी विचारतही नाही.

पायरी २: आदेशाला करार आणि कायदा जोडा

कुलसचिवांच्या सहीचं ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ असं परिपत्रक निघतं, सूचनाफलकावर लागतं आणि पावसाळ्यात भिजून गळून पडतं. कारण त्याने कोणाच्याच बिलाला धक्का लागत नाही. धक्का करारातून लागतो.

कायद्याचा आधार भक्कम आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईच्या तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बोट ठेवलं गेलं. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने पिशव्या, थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या ताट-वाट्या-चमच्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी आली: स्ट्रॉ, कप, चमचे, ढवळण्या, मिठाईच्या खोक्यांवरची पातळ फिल्म, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक. शिवाय दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संस्था घनकचरा नियमांत ‘मोठे कचरा उत्पादक’ ठरतात. विद्यापीठं आणि वसतिगृहं त्यात येतात. तुमच्या पहिल्या पायरीतल्या बेरजेची दिवसाची सरासरी १०० किलोंच्या वर गेली, तर हा विषय ऐच्छिक उपक्रमाचा राहत नाही. व्यवस्थापन परिषदेपुढे तो अशाच शब्दांत मांडा.

समिती लहान ठेवा. त्यात वित्त अधिकारी, भांडारपाल, वसतिगृहाचे रेक्टर, सफाईचा मुकादम, कॅन्टीनचालक आणि दोन-तीन विद्यार्थी हवेतच. पर्यावरणशास्त्राचे प्राध्यापक एक पुरे. ते चार झाले की अहवाल सुंदर होतो आणि पैसे कुठून येणार हा प्रश्न तसाच राहतो.

निविदेत आणि करारात घालायच्या अटी अशा असाव्यात:

- कॅन्टीनमध्ये बसून खाणाऱ्याला चहा-नाश्ता फक्त काचेच्या, स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांतून.
- भांडी धुण्याची जागा, पाणी आणि वीज विद्यापीठाची, माणूस ठेकेदाराचा. (ही अट नसेल तर ठेकेदार पहिल्याच महिन्यात कपांकडे परत जातो, आणि त्याचा दोष नसतो.)
- पार्सलसाठी स्वतःचा डबा आणणाऱ्याला ठरलेली सवलत.
- पुरवठादाराने आपलं वेष्टन आणि खोकी परत न्यायची.
- अट मोडल्यास दंड, आणि तीनदा मोडल्यास मुदतवाढ नाही.

शेवटची अट सगळ्यात परिणामकारक असते.

पायरी ३: पाण्याची सोय आधी, बाटली बंद नंतर

इथे परदेशातलं एक उदाहरण सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाने जानेवारी २०१३ पासून आवारात बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की माणशी येणाऱ्या बाटल्या कमी झाल्याच नाहीत, उलट वाढल्या. पाण्याची बाटली मिळेना म्हणून लोकांनी गोड पेयांच्या बाटल्या घेतल्या. म्हणजे प्लास्टिक होतं तिथेच राहिलं आणि पोटात साखर जास्त गेली.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे: कूलरवर कोणाचा विश्वास नसतो. टाकी कधी धुतली कोणास ठाऊक, नळाला शेवाळ, साखळीला बांधलेला एकच पेला. अशा कूलरशेजारी ‘प्लास्टिकला नाही म्हणा’ असं पोस्टर लावून काही होत नाही. प्रत्येक मजल्यावर चालू कूलर, बाटली उभी राहील इतका उंच नळ, टाकी धुतल्याची तारीख आणि पाणी तपासणीचा निकाल त्यावरच चिकटवलेला. तपासणी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडून दर महिन्याला करून घ्या. घरचीच प्रयोगशाळा आहे. हे सगळं सहा महिने सुरळीत चाललं की मग बाटलीबंद पाणी बंद करा, आणि त्याच आदेशात शीतपेयांच्या छोट्या बाटल्याही बंद करा.

बैठकांना पाण्याचा जग आणि काचेचे पेले ठेवा. कुलगुरूंच्या टेबलावरची बाटली पहिल्या दिवशी गेली पाहिजे. ती दिसत राहिली तर खालचं कोणी ऐकत नाही, आणि का ऐकावं?

पायरी ४: कागदी कप आणि ‘बायो’ माल

प्लास्टिकचा कप गेला की त्याच्या जागी कागदी कप येतो आणि सगळ्यांना समाधान वाटतं. या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो नसता तर चहा कागदात मुरला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिली गरम द्रव १५ मिनिटं ठेवला तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. शिवाय कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे भंगारात या कपाला किंमत नाही.

‘कंपोस्ट होणारं’ असं लिहिलेल्या पिशव्या-चमच्यांचंही तेच. त्यांना कुजायला औद्योगिक खत प्रकल्पातली उष्णता लागते. खाडीच्या चिखलात किंवा समुद्राच्या थंड पाण्यात त्या तशा कुजत नाहीत. तुमच्या संकुलात किंवा शहरात तसा प्रकल्प नसेल, तर हा माल घेऊ नका.

हिशोब करून पाहा. संकुलात २,००० जण रोज एक चहा घेत असतील आणि वर्षाला २०० दिवस कॅन्टीन चालत असेल, तर ४ लाख कप. काचेचे ग्लास फुटतात, धुवायला माणूस लागतो, पाणी लागतं, हे खरं. ते सगळं धरून ४ लाख कपांच्या बिलासमोर मांडा आणि वित्त अधिकाऱ्यांना दाखवा. टपरीवाला काचेच्या ग्लासात कटिंग देऊन दुकान चालवतो; विद्यापीठाला ते जड जाऊ नये.

वसतिगृहाचं थोडक्यात. शाम्पू-साबणाच्या पुड्यांऐवजी सहकारी भांडारात सुटा माल ठेवा, विद्यार्थी बाटली भरून नेतील. कपडे धुण्याच्या यंत्रांकडेही लक्ष द्या. प्लायमथ विद्यापीठाच्या २०१६ मधल्या प्रयोगात सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटले. यंत्राच्या पाण्याच्या वाटेवर बारीक गाळणी बसवता येते. गाळणीतला लगदा मात्र बेसिनमध्ये धुवायचा नाही, सुक्या कचऱ्यात टाकायचा.

पायरी ५: उरलेल्या प्लास्टिकला धनी शोधा

कितीही कमी केलं तरी काही उरतंच. ते कुठे जातं हे प्रत्यक्ष त्या गाडीमागे जाऊन पाहा. सुका कचरा वेगळा केला आणि गाडीत पुन्हा एकत्र झाला, असं फार ठिकाणी घडतं.

हे काम ज्यांना येतं त्या कचरावेचकांशी रीतसर करार करणं हाच माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग. आणि इथे एका विद्यापीठाचाच दाखला आहे. पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं. त्यातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. शहराची व्यवस्था बदलणारं काम एका विस्तार विभागातून निघालं. आज जवळपास प्रत्येक विद्यापीठात आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग आहे. त्याच्या वार्षिक आराखड्यात कचरावेचकांचं नाव शोधा, क्वचितच सापडेल.

करारात तीन गोष्टी हव्यात: वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा आणि पाणी, सेवेचं ठरावीक मानधन, आणि भंगाराची विक्री त्यांची. बाटल्या, दुधाच्या पिशव्या, जाड डबे लगेच विकले जातात. चकचकीत पाकिटं कोणी घेत नाही. ती साठवून महापालिकेमार्फत सिमेंट भट्ट्यांना देता येतात.

रस्त्यांचा मुद्दा कोणीतरी काढतोच. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी डांबरी रस्त्यात टाकाऊ प्लास्टिक वापरायची पद्धत विकसित केली आणि त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून इतकं दूरवर गेलेलं काम कमीच. पण ‘रस्ता होणारच आहे’ म्हणून खरेदी सैल सोडू नका. तो उपाय उरलेल्या प्लास्टिकचा आहे.

पायरी ६: आता किनाऱ्यावर जा, तक्ता घेऊन

किनाऱ्यावर विद्यापीठाचं खरं काम मोजण्याचं. पोती मोजून ‘इतके टन उचलले’ असं सांगण्यात फारसा अर्थ नाही. ओल्या वाळूचंही वजन त्यात येतं.

एकाच किनाऱ्याचा १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा, दोन्ही टोकांच्या कायमच्या खुणा लिहून ठेवा. वर्षातून किमान चारदा, ओहोटीच्या वेळी, भरतीच्या रेषेपासून मागच्या झाडोऱ्यापर्यंत चालत जा आणि दिसेल ती वस्तू वर्गवार मोजा. मे अखेर आणि पाऊस संपल्यावर या दोन मोजण्या चुकवू नका, त्यांच्यातला फरकच नाल्यांबद्दल सांगतो. तक्ता पहिल्या पायरीतलाच ठेवा; त्यात जाळ्यांचे तुकडे, दोरखंड, तरंगणारे बोये आणि चपला एवढ्यांची भर घाला.

सूक्ष्म प्लास्टिकसाठी, म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान तुकड्यांसाठी, साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही सुरुवात होते. भरतीच्या रेषेवर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून वरची वाळू धातूच्या खोऱ्याने घ्या, वाळवा, चाळा. पाण्यात विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला, लिटरला साधारण ३५० ग्रॅम. हे द्रावण वापरण्याआधी गाळून घ्याच. आयआयटी मुंबईच्या अभ्यासात २०१८ मध्ये आपल्या बाजारातल्या मिठातही सूक्ष्म प्लास्टिक आढळलं होतं. त्यात वाळू ढवळून रात्रभर ठेवा. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, थर्माकोल आणि जाळ्यांचं नायलॉन वर तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पीव्हीसी जड असल्याने खालीच राहतं. म्हणून ‘पेट सापडलं नाही’ असा निष्कर्ष लिहू नका. वरचं पाणी गाळून गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काम करताना अंगात सुती कपडे असू द्या, आणि शेजारी एक कोरा ओला गाळणकागद उघडा ठेवा. त्यावर जेवढे तंतू पडले तेवढे हवेतले समजायचे. तुकडा नक्की कशाचा हे ओळखायला अवरक्त वर्णपटमापक लागतो. तो सगळीकडे नसतो. जिथे आहे तिथे नमुने पाठवायची सोय विद्यापीठाने करून द्यावी. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.

कोळीवाड्यात न जाता हे काम पुरं होत नाही. डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी उभी असते, त्यामुळे बोंबील-जवळ्याबरोबर प्लास्टिकही तिच्यात येतं. ते निवडण्यात बायकांचे तास जातात. तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, भेटायची वेळ जून-जुलै, मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. तेव्हा जाळी विणता-विणता माणसं निवांत बोलतात. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक बंदरावर आणून देऊ लागले, तिथे ते निवडून आणि तुकडे करून रस्त्यासाठी वापरलं गेलं. आपल्या एखाद्या जेट्टीवर असं संकलन सुरू करायला मच्छीमार सहकारी संस्था, बंदर अधिकारी आणि एक महाविद्यालय एवढे तिघे पुरतात. मात्र आणलेल्या पोत्यांचं पुढे काय, हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर पोती जेट्टीवरच फुटतात.

सफाई करायचीच असेल तर वाळलेलं शेवाळ आणि पालापाचोळा किनाऱ्यावरच राहू द्या, जेसीबी आणू नका, आणि वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यावर घरट्यांच्या हंगामात कासवमित्रांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. तिवरांत शंभर मुलं उतरवू नयेत, रोपं तुडवली जातात. दहा जण, ओहोटी, गुडघ्यापर्यंतचे बूट.

पायरी ७: एका संकुलातून शेकडो महाविद्यालयांत

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम असतं. नव्या अभ्यासक्रम रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभागाचे श्रेयांक आहेत. किनाऱ्याचा पट्टा, कॅन्टीनची ताडपत्री, जेट्टीची नोंद ही कामं त्यात थेट बसतात, मग शनिवारच्या गर्दीसाठी हजेरीचं आमिष लागत नाही. अभ्यास मंडळांनी फक्त एवढं पाहावं की मूल्यमापन नोंदींच्या खरेपणावर होईल. चिकटवहीतल्या फोटोंना गुण नकोत.

संलग्नतेच्या तपासणीला येणारी समिती ग्रंथालयातली पुस्तकं मोजते. तिच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत: कॅन्टीनच्या कराराची प्रत, आणि मागच्या वर्षीची कचरा मोजणी. नॅक या मूल्यांकन संस्थेसाठी महाविद्यालयं असे कागद कधीतरी धावपळीत तयार करतातच, ते दरवर्षी तयार असतील.

आणि मुंबई विद्यापीठापुरतं बोलायचं तर डहाणू, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले इथल्या महाविद्यालयांनी ठरलेल्या एकाच आठवड्यात, एकाच तक्त्यावर आपापले १०० मीटर मोजावेत. माहिती एका जागी साठवायची जबाबदारी एखाद्या उत्साही प्राध्यापकावर सोडू नका. बदली किंवा निवृत्ती झाली की फाइल त्यांच्याबरोबर जाते. ती विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागाकडे किंवा ग्रंथालयाकडे द्या आणि सर्वांना पाहता येईल अशी ठेवा, म्हणजे नगरपरिषदेला, कोळी बांधवांच्या संस्थेला, पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ती मागायला अर्ज करावा लागणार नाही.